रोग पुन्हा पुन्हा उलटतो आणि वनस्पतींचाही उपयोग होत नाही, तेव्हा चूक कुठे शोधावी

तळ्यातील माशांच्या अंगावर लाल चट्टे येतात, परांच्या कडा झिजतात, काहींची पोटे फुगतात आणि खवले उभे राहतात. खाद्यातून प्रतिजैविक दिले की आठ-दहा दिवसांत मरतूक थांबते. पण महिना-दीड महिन्याने तीच लक्षणे परत दिसतात आणि या खेपेला तेच औषध पूर्वीइतके लागू पडत नाही. असे दोन-तीनदा झाल्यावर मत्स्यपालक लसूण, हळद, कडुनिंब यांच्याकडे वळतो, पंधरा दिवस काहीतरी कुटून खाद्यात कालवतो आणि शेवटी ‘झाडपाल्याने काही होत नाही’ असे म्हणून पुन्हा प्रतिजैविकाची पुडी उघडतो. या चक्रात वनस्पतींचा दोष कमी आणि त्या कोणत्या वेळी, कोणत्या रूपात व किती दिल्या याचा दोष जास्त असतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढे कोणत्याही एका नुस्ख्याची भलामण न करता, उपाय कुठे निसटतो ते शोधण्याचा क्रम मांडला आहे.

रोग तोच आहे, याची खात्री आधी करावी

लाल चट्टे म्हणजे एरोमोनास, असे गृहीत धरणे ही पहिली चूक. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू अशा लक्षणांमागे पुष्कळदा असतो हे खरे. परंतु अर्ग्युलस, म्हणजे माशांवरची ऊ, किंवा लर्निया हा नांगरासारखा रुतून बसणारा परजीवी जिथे चावतो तिथेही रक्ताळलेले ठिपके उमटतात, आणि त्या जखमांतून जिवाणू नंतर आत शिरतात. अशा वेळी प्रतिजैविक दिले तर जखमा तात्पुरत्या भरतात; परजीवी तळ्यात तसाच राहतो आणि रोग ‘उलटतो’. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जीवामुळे होणारे खोल व्रण पाणी थंडावल्यावर वाढतात, आणि त्यावर जिवाणूंचे औषध चालत नाही. तिलापियामध्ये डोळे बाहेर येणे आणि मासा गिरक्या घेत पोहणे ही लक्षणे असतील, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय धरावा. एरोमोनासवर उपयोगी ठरलेली वनस्पती त्यावरही तितकीच चालेल असे मानण्याचे कारण नाही, कारण दोन्ही जिवाणूंच्या पेशीभित्तीची रचनाच वेगळी आहे.

त्यामुळे मेलेले नव्हे तर मरणोन्मुख, अजून कल्ले हलवणारे चार-पाच मासे निवडून कल्ल्यांचा आणि त्वचेवरील चिकट थराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, आणि मूत्रपिंडातून घेतलेला नमुना जिवाणू वाढवण्यासाठी व प्रतिजैविक-संवेदनशीलता चाचणीसाठी प्रयोगशाळेत द्यावा. मेल्यावर तासाभराने तरंगत वर आलेल्या माशात पाण्यातले आणि आतड्यातले सगळेच जिवाणू पसरलेले असतात. त्याच्या अहवालावर विसंबणे व्यर्थ आहे. ही चाचणी वनस्पती वापरणाऱ्यालाही तितकीच आवश्यक आहे, कारण पुढे प्रतिजैविकाची खरोखर गरज पडलीच, तर कोणते निकामी झाले आहे हे आधीच ठाऊक असते.

पाण्याचा प्रश्न औषधाने सुटत नाही

एरोमोनास बाहेरून येणारा शत्रू नाही. तो गोड्या पाण्यात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही असतोच. मासा ताणाखाली आला की हा जिवाणू उठतो. त्याचा समूळ नायनाट करण्याची भाषा म्हणूनच निरर्थक आहे. रोग ठराविक काळाने परततो तेव्हा त्या काळात ताण कशाने वाढतो ते पाहावे लागते, आणि याचे उत्तर बहुधा प्राणवायू व अमोनिया या दोन मोजमापांत सापडते, मात्र ती योग्य वेळी घेतलेली असावीत.

विरघळलेला प्राणवायू पहाटे, सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. दुपारी मोजलेला आकडा कितीही समाधानकारक असला तरी पहाटे तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल, तर मासे रोज काही तास गुदमरत आहेत असे समजावे. अमोनियाचे गणित उलटे आहे. चाचणीत दिसणारा एकूण अमोनिया सगळाच विषारी नसतो. त्यातला विषारी वाटा सामूबरोबर वाढतो. २८ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना हा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, ८ ला तो साधारण साडेसहा टक्के होतो आणि ९ ला चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. दाट हिरव्या पाण्यात प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारनंतर सामू चढतो, म्हणून सकाळी निर्धोक वाटणारे तळे दुपारी तीन वाजता कल्ले भाजणारे असू शकते. प्राणवायू पहाटे आणि अमोनिया व सामू दुपारी, असे सलग आठवडाभर मोजून लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या कुठल्याही उपायाला हात घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या पाहण्यातील निम्म्याहून अधिक ‘औषधाला दाद न देणाऱ्या’ तळ्यांची कथा या वहीतच संपली: खाद्य कमी केले, रात्री एरेटर चालवला, तळाचा काळा गाळ काढला, आणि मासे सावरले.

नवी बोटुकली सोडल्यानंतर दरवेळी दोन आठवड्यांत रोग उठत असेल, तर कारण वेगळे आहे: रोग बहुधा त्या बीजाबरोबर, म्हणजे सोडलेल्या पिल्लांबरोबर येतो. बीज थेट तळ्यात न सोडता दोन-तीन आठवडे स्वतंत्र हौदात ठेवावे आणि जाळी दोन तळ्यांत सामायिक वापरू नयेत.

वनस्पती कधी दिली?

वनस्पतींचे प्रयोग फसण्याचे सर्वांत मोठे कारण वेळ हे आहे. आजारी मासा प्रथम खाणे सोडतो. त्यामुळे खाद्यातून दिलेले काहीही, मग ते प्रतिजैविक असो वा लसूण, प्रामुख्याने अजून न आजारलेल्या माशांच्या पोटात जाते. प्रतिजैविकाला तेवढेही पुष्कळदा पुरते, कारण ते रक्तात जाऊन थेट जिवाणूवर काम करते. वनस्पतींमधील बहुसंख्य घटक खाद्यातल्या मात्रेत तसे काम करत नाहीत. त्यांचा परिणाम मुख्यतः माशाच्या जन्मजात प्रतिकारयंत्रणेवर होतो: भक्षकपेशी अधिक तत्पर होतात, लायसोझाइम या जिवाणूंची भित्ती फोडणाऱ्या विकराची पातळी वाढते, आतड्याचे अस्तर सुधारते. या गोष्टी घडायला दोन ते चार आठवडे लागतात. मरतूक सुरू झाल्यावर लसूण देणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेणे.

२००९ साली प्रसिद्ध झालेला रेनबो ट्राउटवरील एक अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. त्यात माशांना १०० ग्रॅम खाद्यामागे अर्धा ते एक ग्रॅम लसूण सलग १४ दिवस देऊन नंतर एरोमोनास हायड्रोफिलाचा संसर्ग केला गेला. लसूण न दिलेल्या गटात ८८ टक्के मासे मेले, तर लसूण दिलेल्या गटात ४ टक्के. हा आकडा ठिकठिकाणी ‘लसूण एरोमोनास बरा करतो’ या अर्थाने सांगितला जातो, पण प्रयोगाचा क्रम नीट वाचला तर लसूण संसर्गाच्या आधी दिलेला होता. शिवाय ते हौदातले, स्वच्छ पाण्यातले मासे होते. गाळाने भरलेल्या तळ्यात ४ टक्क्यांची अपेक्षा धरणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

प्रयोगशाळेतील काचेच्या बशीतल्या चाचण्यांबाबतही असाच गोंधळ होतो. पेरूच्या पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क जिवाणूंच्या थरावर ठेवला की भोवती स्वच्छ वर्तुळ पडते, आणि ते छायाचित्र पाहून पाने उकळून तळ्यात ओतली जातात. बशीत वापरलेली अर्काची तीव्रता माशाच्या रक्तात कधीच गाठली जात नाही, तळ्याच्या पाण्यात तर नाहीच. काही वनस्पतिजन्य घटक जिवाणूला न मारताही त्यांचे परस्परांतील रासायनिक संदेशवहन बिघडवतात आणि त्यामुळे त्यांची विषनिर्मिती मंदावते, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि तिच्यावरचे संशोधन मला आशादायक वाटते.

म्हणून वहीतील नोंदींवरून रोगाचा नेहमीचा काळ ओळखावा आणि त्याच्या तीन आठवडे आधी वनस्पतियुक्त खाद्य सुरू करावे. तीन-चार आठवडे देऊन तितकेच दिवस थांबावे. वर्षभर सलग देण्याचा मोह टाळावा, कारण प्रतिकारयंत्रणेला सतत दिलेले उत्तेजन कालांतराने बोथट होते. विरळणी, वाहतूक, जाळे ओढणे अशी ताणाची कामे ठरलेली असतील, तर त्यांच्याही आधी हा कालावधी बसवता येतो.

मात्रा आणि तयारी

समजा तळ्यात १,००० किलो मासे आहेत आणि ते वजनाच्या ३ टक्के, म्हणजे रोज ३० किलो खाद्य खातात. खाद्याच्या किलोमागे १० ग्रॅम लसूण मिसळला तर रोज ३०० ग्रॅम लसूण, म्हणजे माशाच्या दर किलो वजनामागे ०.३ ग्रॅम पोटात जातो. पाणी थंडावले आणि खाणे १ टक्क्यावर आले, तर खाद्यातले प्रमाण तेच ठेवूनही प्रत्यक्ष मात्रा एक-तृतीयांशावर येते. ‘मागच्या वर्षी याच प्रमाणात चालले, यंदा नाही’ या तक्रारीचा उलगडा पुष्कळदा एवढ्यावरच होतो. मात्रा खाद्याच्या नव्हे तर माशांच्या वजनावर काढावी, आणि त्यासाठी जाळे टाकून तीसेक मासे तोलावेत. दुसऱ्या बाजूने, जास्त दिले म्हणजे जास्त गुण येतो असेही नाही. ठराविक मर्यादेपलीकडे परिणाम उतरणीला लागतो, खाद्य उग्र वा कडवट होऊन मासे ते सोडतात, आणि पेरूच्या पानांसारख्या टॅनिनयुक्त वनस्पती प्रथिनांचे पचन अडवून वाढ खुंटवतात.

लसणाच्या बाबतीत तयारीला मात्रेइतकेच महत्त्व आहे. अखंड पाकळीत अॅलिसिन, म्हणजे लसणाचा जिवाणूरोधक घटक, नसतो. पाकळी ठेचल्यावर अॅलिनेज हे विकर पाकळीतील अॅलिन या घटकावर काम करते तेव्हा अॅलिसिन तयार होते. हे विकर उष्णतेने निकामी होते. खाद्याची गोळी यंत्रात शंभर अंशांहून अधिक तापते, त्यामुळे गोळी बनण्याआधी घातलेल्या लसणाचे अॅलिसिनपुरते काम तिथेच संपते. मी स्वतः पहिल्या वर्षी लसूण गरमागरम पेजेत कालवून खाद्याला चोळत असे आणि वास येतो म्हणजे औषध आहे अशा समजुतीत होतो. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा, मग थोड्या वनस्पती तेलात किंवा थंड केलेल्या पिठाच्या खळीत मिसळून तयार गोळ्यांवर चोळावा, गोळ्या सावलीत अर्धा तास पसराव्यात आणि त्याच दिवशी संपवाव्यात, कारण अॅलिसिन टिकाऊ नाही. ओले खाद्य रात्रभर ठेवले तर बुरशी येते, आणि तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष माशाचे यकृत बिघडवते. म्हणजे ज्या प्रतिकारशक्तीसाठी ही खटपट केली तिचाच पाया खचतो. ताज्या लसणात निम्म्याहून अधिक पाणी असते, त्यामुळे ताज्याचे आणि भुकटीचे ग्रॅम एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हेही अनेकदा विसरले जाते.

हळदीचे दुखणे निराळे. तिच्यातील कर्क्युमिनवर्गीय घटक भुकटीच्या साधारण २ ते ५ टक्केच असतात, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि आतड्यातून फार कमी शोषले जातात. पाण्यात हळद कालवून गोळ्यांवर शिंपडली तर ती तळ्यात धुऊन जाते. कोमट तेलात मिसळून, वाटल्यास किंचित मिऱ्याची पूड घालून, लेप द्यावा. मिऱ्यातील पायपरिन शोषण वाढवते. खाद्याच्या किलोमागे ५ ग्रॅमपासून सुरुवात करून मासे खाद्य आवडीने घेतात का ते पाहावे. हळदीच्या भुकटीत रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा गैरप्रकार ज्ञात आहे, म्हणून शक्य तर स्वतः वाळवून दळलेली हळदच वापरावी.

तुळस, आले, गुळवेल, कोरफड यांवर माशांमध्ये प्रयोग झालेले आहेत आणि निष्कर्ष साधारण याच दिशेचे आहेत. फरक पडतो तो झाडाचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत तोडलेला, कसा सुकवलेला आणि किती जुना यामुळे. उन्हात करपवलेल्या तुळशीच्या पानांतील सुगंधी तेल उडून गेलेले असते, आणि त्यानंतर उरते ती केवळ हिरवी पूड. एकदा चांगला गुण आला, पुढच्या खेपेस आला नाही, तर प्रथम साठवणीकडे पाहावे. ‘हर्बल’ असे लिहिलेल्या पण घटक व प्रमाण न छापलेल्या पाकिटांच्या बाबतीत तर हे पाहण्याचीही सोय नसते, म्हणून ती मी वापरत नाही.

‘निरुपद्रवी आहे, ओता तळ्यात’

हा गैरसमज महागात पडतो. मोहाची पेंड तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठीच वापरली जाते. तिच्यातील सॅपोनिन माशाच्या रक्तपेशी फोडते. डेरिसच्या मुळातील रोटेनोन हेही मासे मारणारे वनस्पतिजन्य विष आहे. लवंग तेलाने लिटरमागे ४० ते ६० मिलिग्रॅम प्रमाणात मासे काही मिनिटांत गुंगतात, आणि मोजमाप चुकले तर उठत नाहीत. कडुनिंबाचा अर्क जास्त झाला तर माशांच्या कल्ल्यांना इजा होते, आणि ज्या पाण्यात कोळंबी आहे तिथे तो वापरूच नये, कारण कडुनिंबातील अॅझाडिरॅक्टिन हा घटक कवचधारी प्राण्यांच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणतो. पाल्याचे गठ्ठे पाण्यात टाकले तर ते कुजताना पहाटेचा उरलासुरला प्राणवायूही खातात. त्यामुळे अनुभव नसलेल्याने वनस्पती पाण्यात न सोडता खाद्यातूनच द्याव्यात, हे बरे.

प्रतिजैविक कधी टाळू नये

मरतूक रोज वाढते आहे, संवेदनशीलता चाचणीचा अहवाल हाती आहे, आणि बहुतेक मासे अजून खात आहेत, अशा वेळी वनस्पतींचा हट्ट धरून तळे गमावणे शहाणपणाचे नाही. मत्स्यरोगतज्ज्ञाने ठरवलेले औषध, माशांच्या वजनावर काढलेल्या मात्रेत, सांगितलेले सर्व दिवस द्यावे आणि त्यानंतरचा प्रतीक्षाकाल पुरा होईपर्यंत मासा विक्रीस काढू नये. तिसऱ्या दिवशी मरतूक थांबली म्हणून औषध बंद करणे हा रोग उलटण्याचा आणि प्रतिरोधक जिवाणू निवडून ठेवण्याचा सरळ मार्ग आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध पाण्यातील व खाद्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधले जाते, माशाच्या आतड्यातून कमी शोषले जाते आणि त्याचा बराचसा भाग विष्ठेवाटे गाळात जातो. तिथल्या जिवाणूंना ते कमी मात्रेत, दीर्घकाळ मिळत राहते. प्रत्येक अनावश्यक मात्रेची किंमत अशी गाळात साठते. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना खाण्याच्या माशांत अनेक देशांत बंदी आहे. ती कोणी ‘जोरदार’ म्हणून सुचवली तरी घेऊ नयेत.

नॉर्वेतील सॅमनपालनात १९८७ साली सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली जात होती आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो आकडा एक-दोन टनांवर आला. ते प्रामुख्याने लशींमुळे घडले, वनस्पतींमुळे नव्हे. आपण पाळत असलेल्या जातीसाठी लस उपलब्ध असेल, तर तिला पहिला मान द्यावा, आणि वनस्पतियुक्त खाद्य तिच्या जोडीला ठेवावे.

गुण आला की आपोआप बरे झाले?

तळ्यातला रोग पाणी निवळले की पुष्कळदा स्वतःहूनही ओसरतो, आणि त्याचे श्रेय त्या आठवड्यात खाद्यात जे होते त्याला मिळते. हे टाळायचे असेल तर तुलनेसाठी काहीतरी राखून ठेवावे लागते. दोन तळी नसतील तर त्याच तळ्यात जाळीचे चार हापे, म्हणजे बंदिस्त कप्पे, बांधून दोनमध्ये साधे आणि दोनमध्ये वनस्पतियुक्त खाद्य द्यावे. साध्या खाद्यालाही तेवढेच तेल चोळावे, नाहीतर फरक तेलाचा की लसणाचा हे कळणार नाही. एका वेळी एकच वनस्पती बदलावी. मेलेले मासे, खाल्लेले खाद्य आणि पंधरवड्याचे सरासरी वजन हापावार नोंदवावे, आणि हे किमान दोन रोगहंगाम करावे. माझ्या अशा नोंदींत लसणाचा फरक ठळक दिसला, हळदीचा अंधुक. आणि ज्या वर्षी एरेटर बंद पडला होता, त्या वर्षी चारही हाप्यांतले मासे सारखेच मेले.